पंचगंगेकांठचें कोल्हापूर



“कोल्हापूरचें पाणीच निराळें!” हा उद्गार आपण कुस्तीच्या फडावर, गाण्याच्या बैठकींत, किंवा तांबड्या रश्श्याची वाटी समोर आल्यावर अनेकदां ऐकला असेल. मराठींत ‘पाणी’ या शब्दाला अर्थ तरी किती! तरवारीला पाणी असतें, मोत्याला पाणी असतें, आणि गड्याचें पाणी आखाड्यांत जोखलें जातें. आज मात्र हा उद्गार अक्षरशः घेण्याचें मीं योजिलें आहे. जें पाणी डोंगरांतून वाहत येतें, तळ्यांत सांठतें, उंसाच्या सरींत शिरतें, नळाला येतें, आणि कधीं कधीं न विचारतां घराचा उंबरठा ओलांडून आंत येतें, त्या साध्या पाण्याच्या बाजूनें आपण कोल्हापुराकडे पाहूं. तसें पाहिलें म्हणजे या शहराचा भूगोल, त्याचा इतिहास आणि तेथील माणसें हीं तीन निरनिराळीं प्रकरणें राहत नाहींत.

प्रथम भूगोल. कोल्हापूर समुद्रसपाटीपासून सुमारें १८०० फूट उंचीवर, सह्याद्रीच्या पूर्वेकडील उतारावर वसलेलें आहे. शहरापासून पश्चिमेला सुमारें ३५ मैलांवर गगनबावडा हें घाटमाथ्याचें ठिकाण. तेथें वर्षाकांठीं दोनशें इंचांच्या आसपास पाऊस कोसळतो. खुद्द कोल्हापुरांत तो चाळीस इंचांवर येतो; आणि आणखी तीस मैल पूर्वेला, शिरोळच्या बाजूला गेलें, तर वीस-पंचवीस इंचांवर शेतकऱ्याला समाधान मानावें लागतें. म्हणजे साठ-पासष्ट मैलांच्या पट्ट्यांत एका टोंकाला पावसाचें माहेर आणि दुसऱ्या टोंकाला आभाळाकडे लागलेले डोळे. या दोन टोंकांना सांधणारी जी दोरी, तिचें नांव पंचगंगा.

पंचगंगा ही नांवाप्रमाणें पांच नद्यांची मिळून झालेली आहे. कासारी, कुंभी, तुळशी आणि भोगावती या चार डोळ्यांना दिसतात. पांचवी सरस्वती गुप्त आहे, असें श्रद्धा सांगते. कुंभी आणि तुळशी या भोगावतीला मिळतात, आणि शहराच्या वायव्येस प्रयाग चिखली येथें कासारी येऊन भेटली, म्हणजे पुढच्या प्रवाहाला पंचगंगा म्हणतात. तेथून नरसोबाच्या वाडीला कृष्णेंत विलीन होईपर्यंत ही नदी सुमारें ५० मैल वाहते. सरळ रेषेनें पाहिलें तर हें अंतर तीस मैलांहून अधिक भरणार नाहीं! उरलेली वाट ती वळणें घेत काटते. कारण डोंगर मागें पडल्यावर तिच्या पात्राला उतार असा फारसा उरतच नाहीं. ही एक गोष्ट आपण ध्यानांत ठेवावी. पुढें तिचें काम पडणार आहे.

आतां इतिहासाकडे वळूं. पंचगंगेच्या घाटाजवळ ब्रह्मपुरी नांवाची एक टेकडी आहे. १९४५-४६ सालीं डॉ. सांकळिया आणि डॉ. दीक्षित यांनीं तेथें उत्खनन केलें, तेव्हां सातवाहनांच्या काळचें एक नांदतें नगर उजेडांत आलें. याच ब्रह्मपुरीच्या मातींत पोसायडन या पाश्चात्य समुद्रदेवतेची कांशाची एक चिमुकली, सुबक मूर्ति सांपडली. रोमन साम्राज्यांतून आलेली ही मूर्ति आज टाऊन हॉलमधील संग्रहालयांत आहे. समुद्राचा देव समुद्रापासून इतक्या दूर, सह्याद्रीच्या अलीकडे कसा आला? उत्तर सोपें आहे. कोंकणांतील बंदरांवर उतरलेला माल घाट चढून देशावर येई, आणि देशावरील माल त्याच वाटांनीं बंदराकडे जाई. या ये-जा करणाऱ्या तांड्यांना नदीचा उतार आणि बारमाही पाणी जेथें मिळालें, तेथें बाजार भरला. बाजाराभोंवतीं नगर वाढलें. त्या जुन्या लोकांनीं वस्तीसाठीं नदीकांठचा उंचवटा निवडला, सखल जागा निवडली नाहीं, हेंही येथें लक्षांत घेण्यासारखें आहे.

पुढें शिलाहारांचें राज्य आलें. गंडरादित्य, दुसरा भोज अशा राजांच्या काळांत करवीर क्षेत्राची कीर्ति वाढली. अंबाबाईच्या देवळाचा काळा दगड पाहून परका मनुष्य थक्क होतो. पण हा दगड आला कोठून? परंपरा असें सांगते, कीं जेथें आज रंकाळा आहे, तेथें पूर्वीं दगडाची खाण होती. देवळांसाठीं दगड निघाला, मागें खळगा राहिला, आणि त्या खळग्यांत पाणी सांठून तळें झालें. एका हातानें देऊळ उभारावें आणि दुसऱ्या हातानें तळें राखावें, अशी ही रीत. रंकाळा हा या तळ्यांचा राजा खरा, पण तो एकटा नव्हता. कोटितीर्थ, वरुणतीर्थ, कपिलतीर्थ, पद्माळा, सिद्धाळा, रावणेश्वर, खासबाग अशीं कितीतरी तळीं या गांवांत होतीं. घाटमाथ्यावरून येणारी नदी पश्चिमेला व उत्तरेला वाहत होती, आणि गांवांत पडणारा पाऊस हीं तळीं झेलीत होतीं. नदीचें पाणी नदींत आणि गांवचें पाणी गांवांत, अशी ही जुनी वाटणी होती.

मराठेशाहींत महाराणी ताराबाईंनीं करवीरचें स्वतंत्र राज्य उभें केलें. सातारा आणि कोल्हापूर या दोन गाद्यांमधील तंटा १७३१ सालीं मिटला, तोही पाण्याच्याच साक्षीनें. वारणा नदी ही सीमा ठरली, आणि त्या तहाला वारणेचा तह हेंच नांव मिळालें. अठराव्या शतकाच्या अखेरीस राजधानी पन्हाळ्याच्या गडावरून खालीं कोल्हापुरांत आली. शहर वाढूं लागलें तसें पाणी दुरून आणावें लागलें. कात्यायनीच्या डोंगराकडून पाणी आलें. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत कळंब्याचा तलाव बांधला गेला. मंगळवार पेठेंत ‘पाण्याचा खजिना’ नांवाचा एक भाग आहे. ज्या गांवानें पाण्याच्या सांठ्याला खजिना म्हटलें, त्या गांवाला पाण्याचें मोल शिकविण्याची गरज नव्हती.

या सर्व जाणिवेला राज्यकारभाराचें रूप दिलें तें राजर्षि शाहू छत्रपतींनीं. १८९४ सालीं त्यांनीं राज्यसूत्रें हातीं घेतलीं, आणि दोनच वर्षांत, १८९६-९७ सालीं, दुष्काळानें त्यांची परीक्षा पाहिली. घाटावर दोनशें इंच पाऊस पडणाऱ्या राज्यांत प्रजा अन्नाला महाग व्हावी, यांतील विपरीतपणा त्यांच्या ध्यानीं आला. पाऊस कमी पडत नव्हता. पडलेला थांबत नव्हता. १९०८ च्या सुमारास भोगावतीवर एका मोठ्या धरणाचें काम त्यांनीं हातीं घेतलें आणि जवळच राधानगरी हें गांव वसविलें. लहानशा संस्थानाच्या खजिन्याला हें काम अवजड होतें. पहिल्या महायुद्धाच्या काळांत तें थांबलें. १९२२ सालीं महाराज निवर्तले. आणि धरण पूर्णत्वास गेलें तें स्वातंत्र्यानंतर, १९५० नंतरच्या दशकांत. या धरणाचे सात स्वयंचलित दरवाजे आजही पावसाळ्यांतील मोठी वार्ता असतात. पाणी ठराविक पातळीला पोंचलें, कीं वजनाच्या समतोलानें ते आपोआप उघडतात, आणि “राधानगरीचे दरवाजे उघडले” हें वाक्य ऐकलें, कीं कोल्हापुरांतील नदीकांठचा मनुष्य सामान बांधावयास लागतो.

परंतु माझ्या मतें करवीर राज्यानें महाराष्ट्राला दिलेली त्याहूनही शहाणपणाची वस्तु म्हणजे ‘कोल्हापुरी बंधारा’. हा बंधारा आतां राज्यभर त्याच नांवानें बांधतात. त्याची रचना अशी. नदीच्या पात्रांत ठराविक अंतरावर दगडी खांब उभे करावयाचे आणि त्या खांबांना उभ्या खांचा ठेवावयाच्या. पावसाळ्यांत या खांबांमधली जागा मोकळी असते, आणि पुराचें गढूळ, खवळलेलें पाणी गाळासकट निघून जातें. पाऊस ओसरला, नदी निवळली, कीं खांचांत फळ्या बसवावयाच्या. या फळ्यांना तेथें बरगे म्हणतात. फळ्यांच्या दोन ओळींमध्यें माती ठासली, कीं नदी मैलच्या मैल मागें तुंबून राहते, आणि तिचें पाणी दोन्ही कांठांच्या शेतांना उन्हाळ्यापर्यंत पुरतें. पुढच्या पावसाळ्याच्या तोंडावर बरगे काढावयाचे कीं नदी पुनः मोकळी! पंचगंगेवर कसबा बावड्याजवळ राजाराम महाराजांच्या नांवाचा जो बंधारा आहे, त्याच्यापाशीं मोजलेली पाण्याची उंची हीच आज शहराची पूरपट्टी आहे. या बंधाऱ्यांतलें तत्त्व थोडक्यांत सांगावयाचें तर असें : पाणी केव्हां अडवावें हें जितकें कळलें पाहिजे, तितकेंच केव्हां त्याला वाट द्यावी हेंही कळलें पाहिजे.

या पाण्यानें तेथील माणूस घडविला. नदीकांठीं ऊंस आला. उंसापाठोपाठ गुऱ्हाळें आलीं. हिंवाळ्याच्या पहांटे चुलवाणावरच्या काहिलींत रस उकळत असतो आणि गुळव्या नुसत्या नजरेनें पाक ओळखतो. त्या गुळाच्या व्यापारासाठीं महाराजांनीं १८९५ सालीं शाहूपुरीची पेठ वसविली. चारच वर्षांपूर्वीं, १८९१ सालीं, मिरजेहून आगगाडी कोल्हापुरास पोंचली होती, त्यामुळें गूळ दूरदेशीं जाऊं लागला. वैरण मुबलक म्हणून म्हशी आल्या, आणि गंगावेशींत संध्याकाळीं म्हैस समोर पिळून धारोष्ण दुधाचा पेला हातीं देण्याची चाल पडली. दूध आलें तशी तालीम आली. तालीम म्हणजे केवळ व्यायामशाळा नव्हे. पेठेचें तें घर आहे. तेथें कुस्ती आहे, गणपति आहे, अलीकडे फुटबॉल आहे, आणि शेजाऱ्यावर प्रसंग आला तर धांवून जाणारी पोरेंही तेथेंच आहेत. खासबागेच्या मैदानांत बसून मल्लांना दाद देणाऱ्या शौकीन मंडळींना कदाचित् सुचणार नाहीं, पण त्या मल्लाच्या दंडांत सह्याद्रीचा पाऊस मुरलेला असतो.

मात्र पाणी सर्वांचें असतें तरी तें सर्वांना मिळत नव्हतें, ही गोष्ट झांकून चालणार नाहीं. महाराजांच्या तबेल्यांत गंगाराम कांबळे नांवाचे एक अस्पृश्य मानलेले सेवक होते. वरिष्ठ जातींच्या हौदाला शिवले म्हणून त्यांना मारहाण झाली, ही हकीकत कोल्हापुरांत सर्वश्रुत आहे. महाराजांनीं अपराध्यांना शासन तर केलेंच. पण गंगारामांना चहाचें दुकान काढावयास लावून, ते स्वतः त्या दुकानासमोर गाडी थांबवून चहा घेत, आणि बरोबरच्या मानकऱ्यांनाही घ्यावयास लावीत. १९०२ सालीं सरकारी नोकऱ्यांत मागासलेल्या वर्गांसाठीं शेंकडा पन्नास जागा राखणारे महाराज आणि चहाच्या पेल्यांतलें पाणी सर्वांसमक्ष पिणारे महाराज हे एकच होते. १९१९ सालीं त्यांनीं संस्थानांतील सार्वजनिक विहिरी, पाणवठे व इमारती अस्पृश्यांना मोकळ्या करण्याचा हुकूम काढला. महाडच्या चवदार तळ्याचा सत्याग्रह झाला तो १९२७ सालीं. पाण्यावर सर्वांचा सारखा हक्क आहे हा विचार करवीरच्या भूमींत त्याच्या आधींच रुजत होता, ही कोल्हापूरकरांना अभिमान वाटावा अशी गोष्ट आहे.

येथवरची कथा ऐकावयास गोड आहे. आतां पुढची सांगतों.

१९४९ सालीं संस्थान मुंबई राज्यांत विलीन झालें. शहर वाढलें, जागेचा भाव चढला. गांवांतलीं तळीं कांहीं आधींच बुजविलीं गेलीं होतीं, कांहीं पुढें बुजलीं. वरुणतीर्थाच्या जागीं आज गांधी मैदान आहे. कपिलतीर्थाच्या जागीं भाजीची मंडई आहे. रावणेश्वराच्या तळ्याच्या जागीं फुटबॉलचें क्रीडांगण झालें. यांतील एकेक गोष्ट वेगळी घेतली तर कोणाला दोष देववत नाहीं. शहराला मंडईही हवी आणि मैदानही हवें. परंतु पाणी आपली जागा विसरत नाहीं. जोराचा पाऊस झाला, कीं गांधी मैदानाचें पुनः वरुणतीर्थ होतें, आणि वर्तमानपत्रांत त्याचीं छायाचित्रें येतात. शहराच्या मधून वाहणारी जयंती तर वडीलधाऱ्यांच्या तोंडीं अजून ‘जयंती नदी’ आहे. व्यवहारांत ती नाला झाली, आणि नाला म्हटलें कीं सांडपाणी सोडण्याचा परवानाच मिळाला. एखाद्या वस्तूचें नांव बदललें, कीं तिच्याशीं वागण्याची रीतही बदलते, याचा हा दाखला आहे.

पंचगंगेला उतार फार थोडा, ही गोष्ट ध्यानांत ठेवावी असें मीं आरंभीं म्हटलें होतें. तिचें काम आतां पडतें. घाटमाथ्यावर आठवडाभर झड लागली, कीं चारही नद्या फुगून प्रयागाला येतात. इकडे धरणें भरलेलीं असलीं, तर त्यांचें पाणीही सोडावें लागतें. हें सर्व पाणी पुढें जावयाचें कृष्णेंत. पण कृष्णा स्वतःच दुथडी भरून वाहत असते. वाडीच्या संगमावर जणूं दार बंद होतें आणि पंचगंगा मागें फुगत येते. तें फुगलेलें पाणी नाल्यांतून उलट्या पावलीं शहरांत शिरतें. पूर्वीं तें नदीकांठच्या कुरणांत, मळ्यांत पसरे आणि चार दिवसांनीं गाळ टाकून ओसरे. आतां त्या कुरणांत इमारती आहेत, आणि मळ्यांतून भराव टाकून उंच रस्ते गेले आहेत. खालच्या अंगाला आलमट्टीच्या धरणाचा यांत वांटा किती, याविषयीं तज्ज्ञांत व दोन राज्यांत वाद आहे. परंतु आपल्या अंगणांतील भराव आपण घातला, याविषयीं वाद होण्याचें कारण नाहीं.

राजाराम बंधाऱ्यापाशीं ३९ फूट ही इशाऱ्याची आणि ४३ फूट ही धोक्याची पातळी. २००५ सालच्या पुरानें ती ओलांडली, तेव्हां असा पूर पुनः पिढीभर येणार नाहीं असें लोक म्हणाले. १४ वर्षांनीं, २०१९ च्या ऑगस्टमध्यें, पाणी ५५ फुटांच्या वर गेलें. त्यानंतर दोनच वर्षांनीं, २०२१ च्या जुलैमध्यें, तें पुनः तितकेंच चढलें. २०१९ सालीं पुणें-बंगळूर हमरस्ता शिरोलीपाशीं कित्येक दिवस बंद होता. शाहूपुरीच्या कुंभार गल्लींत गणेशचतुर्थीसाठीं घडविलेल्या मूर्ति पाण्यांत विरघळल्या. वर्षभराची कमाई ज्या मातींतून यावयाची, ती माती नदीनें परत घेतली. आणि या सर्वांत विलक्षण गोष्ट अशी, कीं चोहोंकडे पाणीच पाणी असतां शहराच्या नळांना थेंब नव्हता. कारण नदीकांठचीं उपसा केंद्रेंच पाण्याखालीं गेलीं होतीं. उंबऱ्याबाहेर महापूर आणि घरांत रिकामी घागर, हें दृश्य ज्यांनीं पाहिलें, त्यांना पाण्याविषयीं दुसरें व्याख्यान नको. २०२३ च्या नोव्हेंबरमध्यें काळम्मावाडीच्या धरणाहून थेट नळयोजनेचें पाणी शहरांत आलें, त्यामुळें घागरीची चिंता कांहींशी हलकी झाली. उंबऱ्याची चिंता मात्र तशीच आहे.

त्या पुरांत कोल्हापूरचें ‘पाणी’ही दिसलें, हें सांगितल्यावांचून पुढें जातां येणार नाहीं. तालमींच्या पोरांनीं गळ्याइतक्या पाण्यांतून म्हाताऱ्यांना पाठीवर आणलें. ज्यांचीं घरें उंचावर होतीं, त्यांनीं दारें उघडलीं. पेठेपेठेंत भाकऱ्या थापल्या गेल्या. शौर्य आणि औदार्य यांचा तुटवडा या गांवाला कधींच नव्हता. परंतु शौर्याची गरज दर दोन वर्षांनीं पडूं लागली, तर चूक कोठें तरी व्यवस्थेंत आहे असें समजावें.

नदीशीं कसें वागावें हें या मुलुखाला ठाऊक नव्हतें असें नाहीं. नरसोबाच्या वाडीला पुराचें पाणी देवळांत चढतें आणि दत्तपादुकांवरून वाहून दक्षिण दारानें बाहेर पडतें, तेव्हां लोक तेथें स्नानाला जमतात. त्याला दक्षिणद्वार सोहळा म्हणतात. पाणी आणखी चढलें, कीं उत्सवमूर्ति वर हलवितात. पूर येणार हें तेथें गृहीतच धरलेलें आहे, त्याची वाट ठरलेली आहे, आणि ती वाट कोणी बुजवीत नाहीं. खुद्द कोल्हापुरांतही तसाच एक दाखला आहे. जानेवारीच्या अखेरीस आणि नोव्हेंबरच्या दुसऱ्या आठवड्यांत मावळत्या सूर्याचे किरण महाद्वारांतून आंत येऊन अंबाबाईच्या मूर्तीपर्यंत पोंचतात. या किरणोत्सवाच्या वाटेंत एखाद्या इमारतीचा अडथळा झाला, कीं सारें शहर अस्वस्थ होतें. मोजमापें होतात, अडथळे काढण्याची मागणी होते. प्रकाशाची वाट मोकळी राहावी म्हणून जागरूक असलेल्या या शहरानें पाण्याच्या वाटेविषयीं तितकेंच जागरूक राहावयास काय हरकत आहे?

जुन्या माणसांनीं उंचवट्यावर घर बांधलें, सखल जागीं तळें राखलें, आणि नदींत जो बंधारा घातला, त्याचे बरगे पावसाळ्यापूर्वीं काढून ठेवले. आपण तिन्ही गोष्टी उलट केल्या : सखल जागीं घर बांधलें, तळें बुजविलें, आणि भरावाचे बरगे बारमाही ठोकून ठेवले. उरलेलें रंकाळा, कोटितीर्थ आणि कळंबा हें धन राखणें, जयंतीला पुनः नदी म्हणणें व तसें वागविणें, आणि पुराच्या रेषेच्या आंत नवी वीट न रचणें, एवढें जरी झालें तरी पुष्कळ होईल. यासाठीं कांहीं नवें शास्त्र शोधावयास नको. तें दगडी खांबांच्या रूपानें कसबा बावड्यापाशीं नदींत उभें आहे. पुढच्या खेपेस आपण कोल्हापुरास गेलांत, तर अंबाबाईचें दर्शन घेऊन, रंकाळ्यावर फेरफटका मारून झाल्यावर थोडा वेळ त्या बंधाऱ्यावर जाऊन उभे राहावें. पावसाळ्याचे दिवस असतील, तर खांबांमधून पाणी मोकळेपणीं जातांना दिसेल.